दर थांब्याची वाफ: महादेवपुऱ्यालगतच्या पॅसेंजर गाड्या आणि त्यांवरील कामगार

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा आज माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांसाठी ओळखला जातो आणि नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो याच रूपात परिचित आहे. परंतु २००७ साली बंगळूर महानगरपालिकेच्या हद्दीत येण्यापूर्वी तेथे स्वतंत्र नगरपालिका होती आणि त्याही आधी तो तळ्यांच्या काठी वसलेल्या, नाचणीच्या शेतांनी वेढलेल्या खेड्यांचा मुलूख होता. या खेड्यांजवळून जाणारा लोहमार्ग शहराच्या या विस्ताराहून पुष्कळ जुना आहे. कृष्णराजपुरम आणि कडुगोडीजवळचे व्हाइटफील्ड या स्थानकांवर थांबत जाणाऱ्या वाफेच्या पॅसेंजर गाड्यांनी अनेक पिढ्या या भागातील माणसांना शहराशी जोडून ठेवले. स्थानिक इतिहासात या गाड्यांना बहुधा एखादे वाक्य मिळते आणि लेखणी लगेच बंगल्यांकडे, चर्चकडे, जमिनीच्या सनदांकडे वळते. त्या गाड्या चालत कशा होत्या आणि कोणाच्या अंगमेहनतीवर चालत होत्या, हे मात्र सहसा विचारले जात नाही. प्रस्तुत लेखनात तेच पाहायचे आहे, कारण थोड्याथोड्या अंतरावर थांबणारी गाडी वाफेवर चालवणे हे रेल्वेतील अत्यंत कष्टाचे काम होते आणि त्याचे कौतुक फार थोडे झाले.

मद्रास रेल्वे या कंपनीने दक्षिण भारतातील पहिली प्रवासी गाडी १ जुलै १८५६ रोजी रोयापुरम ते वालाजा रोड अशी चालवली आणि १८६४ मध्ये जोलारपेट्टईहून फुटणारी शाखा बंगळूरच्या लष्करी छावणीपर्यंत पोचवली. हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये साडेपाच फूट अंतर असलेला, होता. जोलारपेट्टई समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर आणि बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे छावणीकडे येणाऱ्या इंजिनाला पठारावर चढूनच यावे लागे. मार्ग आखताना कंपनीच्या नजरेसमोर सैन्य आणि व्यापार होता. मधल्या खेड्यांचा विचार नंतरचा. परंतु सुरुवातीच्या एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून ठरावीक अंतरावर जादा रूळ घातलेली स्थानके लागतच आणि इंजिनाच्या पाण्याचीही वाटेत सोय करावी लागे. रेल्वेची ही तांत्रिक गरज अशा रीतीने खेड्यांच्या पथ्यावर पडली. घड्याळही रेल्वेबरोबरच आले. १८७० पासून रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेनुसार धावत आणि बंगळूरचा सूर्य मद्रासच्या सुमारे दहा मिनिटे मागे असे, म्हणून गाडी पकडणाऱ्याला सावलीपेक्षा घाई करावी लागे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावर हा हिशेब बदलला.

या मार्गाला रोजच्या ये-जा करणाऱ्या प्रवाशांची गाडी हे रूप दोन वसाहतींनी दिले. पहिली व्हाइटफील्ड. डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट यांनी अँग्लो-इंडियन समाजाने सरकारी नोकरीवर विसंबून न राहता शेतीवर उभे राहावे असा विचार मांडला आणि म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी त्यासाठी १८८२ साली सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. ही वसाहत स्थानकापासून काही अंतरावर होती. पण दवाखाना, शाळा, बाजार आणि निवृत्तिवेतनाची कचेरी शहरात असल्यामुळे शेतीवर जगू पाहणाऱ्या या वस्तीचा जीव रेल्वेतच होता. दुसरी वसाहत कोलारच्या सोन्याच्या खाणींची. जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० नंतर तेथे खोदकाम वाढवले, १८९४ मध्ये बौरिंगपेट, म्हणजे आजचे बंगारपेट, येथून खाणींकडे दहा मैलांचा फाटा सुरू झाला आणि १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युतकेंद्रातून खाणींना वीज मिळाली. खाणीत वीज आली, तरी खाणीकडे जाणारी गाडी पुढे कित्येक दशके कोळशावर आणि पाण्यावरच धावत राहिली.

मराठी वाचकाला या इतिहासात ओळखीच्या काही खुणा सापडतील. शहाजीराजांच्या जहागिरीत सतराव्या शतकात बंगळूरबरोबर होसकोटे आणि कोलारही होते, म्हणजे हा लोहमार्ग ज्या टापूतून जातो तो जवळपास सगळाच. पुढे १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडला होते; तिने पुणे, बेळगाव, हुबळी या पट्ट्यात मीटरगेजचे जाळे विणले आणि म्हैसूर संस्थानाच्या लोहमार्गाचाही कारभार काही काळ पाहिला. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे बनली आणि जोलारपेट्टई–बंगळूर शाखा या नव्या कंपनीकडे आली. त्यामुळे व्हाइटफील्डच्या फलाटावर थांबणाऱ्या गाडी चालवणाऱ्या रेल्वेच्या नावात १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वे स्थापन होईपर्यंत मराठ्यांचा उल्लेख होता.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे थांब्याकडे. मेल गाडी एकदा वेगात आली की तिचे इंजिन सारखी वाफ वापरते, भट्टीतली आग सारखी ओढली जाते आणि फायरमनला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्या कामगाराला, फावड्याची लय सापडते. पॅसेंजर गाडीचे तसे नसते. उभ्या गाडीला हलवण्यासाठी सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या जवळजवळ पूर्ण धावेपर्यंत वाफ सोडावी लागते. गाडीने वेग घेतल्यावर ड्रायव्हर हे प्रमाण कमी करतो आणि थोड्या वाफेच्या प्रसरणावर काम भागवतो. म्हणजे प्रत्येक स्थानकातून निघताना वाफेचा खर्च सर्वाधिक असतो. वापरलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडताना आपल्याबरोबर भट्टीतली हवा ओढून नेते आणि आगीला वारा मिळतो. निघतानाचा हा ओढा इतका जोरदार असतो की आगीचा थर पातळ किंवा असमान असेल तर त्याला भोके पडतात, थंड हवा आत शिरते आणि नेमकी चढाच्या वेळी वाफ बसते. पुढचे स्थानक जवळ आले की ड्रायव्हर वाफ बंद करतो, ओढा थांबतो. आग मात्र तेवढीच धगधगत असते. या क्षणी भट्टीच्या ज्वाळा मागे, थेट माणसांच्या तोंडावर, येऊ नयेत म्हणून ब्लोअर उघडावा लागतो. ब्लोअर म्हणजे धुराड्यात वाफेचा बारीक झोत सोडून ओढा टिकवणारी सोय. त्याच वेळी दाब वाढत जाऊन सुरक्षा-झडप उडण्याचा संभव असतो आणि झडप उडाली की कष्टाने केलेली वाफ आकाशात जाते.

कसबी फायरमन ही अडचणच उपयोगी लावून घेत असे. गाडी थांबत असताना तो इंजेक्टर सुरू करी. इंजेक्टर हे वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये, त्यातल्या दाबाविरुद्ध, पाणी ढकलणारे साधन होय. बाहेरचे पाणी आत गेल्याने जास्तीची उष्णता शोषली जाई, दाब आटोक्यात राही आणि पुढच्या चढासाठी पाण्याची बेगमी होई. मग निघण्यापूर्वी मोजके फावडे कोपऱ्यांत आणि भट्टीच्या मागच्या बाजूला, मधल्या भागाला फारसा धक्का न लावता. टायकल, मालूर, देवनगोंती, व्हाइटफील्ड, कृष्णराजपुरम, बय्यप्पनहळ्ळी अशा ओळीने येणाऱ्या थांब्यांवर ही सगळी कसरत पुन्हापुन्हा करायची, तीही एका थांब्यावर असताना पुढच्या दोन थांब्यांचा विचार मनात ठेवून. भट्टीत टाकलेला कोळसा लगेच वाफ देत नाही, त्यामुळे व्हाइटफील्डहून निघताना लागणारी वाफ देवनगोंती सोडतानाच तयार करावी लागे. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि मनगटात जास्त होते. मार्गावरचा कुठला चढ कसा अंगावर येतो, कुठे वाफ बंद केली तरी गाडी आपसूक फलाटापर्यंत जाते, पावसात चाके कुठे घसरतात आणि रुळावर वाळू सोडावी लागते, हे वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतूनच कळे. ड्रायव्हर आणि फायरमन यांच्यात बोलणे थोडेच होई; डोळ्यांच्या खुणेने आणि हाताच्या इशाऱ्याने काम चाले, कारण धावत्या इंजिनावर आवाज कानापर्यंत पोचतच नसे.

मुंबईचे उदाहरण येथे बोलके आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने विरारहून बॅक बेपर्यंत वाफेची उपनगरी गाडी सुरू केली, तेव्हा विरारही खेडेच होते. परंतु वारंवार थांबणाऱ्या गाड्यांना वाफ महाग आणि संथ पडते हे लक्षात आल्यावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३६ पर्यंत वीज विरारला पोचली. विजेच्या मोटरला उभ्या जागेवरून जोर लावणे सहज जमते. बंगळूरच्या पूर्वेकडे ही सोय पन्नासहून अधिक वर्षांनी आली आणि मधल्या काळात, डिझेल येईपर्यंत, मुंबईत यंत्राने घेतलेला भार येथे माणसाच्या पाठीवर राहिला. बंगळूरच्या वाहतुकीच्या इतिहासात या दिरंगाईची किंमत कोणी मोजली याची नोंद ठेवली जायला हवी होती. ती प्रवाशाने फार थोडी मोजली, फायरमनने पुष्कळ.

कामाचा दिवस स्थानकावर सुरू होत नसे, इंजिनांच्या शेडमध्ये सुरू होई. थंड इंजिन पेटवून चालवण्याजोगी वाफ होण्यास बरेच तास लागत, त्यामुळे पहाटेच्या गाडीची आग आदल्या संध्याकाळीच लागलेली असे. कॉल बॉय म्हणून ओळखला जाणारा निरोप्या वही घेऊन ड्रायव्हर आणि फायरमनच्या घरी जाई, त्यांना उठवी आणि वहीवर सही घेई. सही झाली की माणूस कामावर बांधला गेला. नोकरीची शिडी लांब होती: आधी क्लीनर, म्हणजे कॉटन वेस्ट आणि तेल घेऊन इंजिन पुसणारा मुलगा, मग दुसरा फायरमन, पहिला फायरमन, शेडच्या आवारात इंजिने फिरवणारा शंटर, मालगाडीचा ड्रायव्हर, पॅसेंजरचा ड्रायव्हर आणि सर्वांत वर मेलचा ड्रायव्हर. मेलच्या ड्रायव्हरला मान मिळे, फलाटावर लोक त्याच्याकडे वळून पाहत. पॅसेंजरच्या ड्रायव्हरचे कसब त्याहून कमी नव्हते, किंबहुना थांब्यांचा हिशेब पाहता काही बाबतींत ते अधिकच होते; तरीही दर्जाची उतरंड गाडीच्या वेगावरून ठरली.

स्वातंत्र्योत्तर काळातील डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या प्रमुख ब्रॉडगेज इंजिनांच्या भट्टीची जाळी ४६ चौरस फुटांची आणि बॉयलरचा दाब दर चौरस इंचास २१० पौंड असे, यावरून फावड्याच्या कामाची कल्पना येईल. भारतीय कोळशात राख फार. ती वितळून जाळीवर क्लिंकर, म्हणजे काचेसारखा कठीण थर, जमे आणि हवेची वाट अडे; मग लांब लोखंडी सळईने तो फोडावा लागे आणि त्या वेळी भट्टीचे दार उघडे राहून अंगाची लाही होई. समोर भट्टी आणि पाठीमागे डिसेंबरच्या पहाटेचा पठारावरचा गार वारा, अशा दोन ऋतूंत शरीर एकाच वेळी राबत असे. पाण्याची नळी, म्हणजे बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणारी काच, नजरेआड करता येत नसे. पातळी घसरून भट्टीचे छप्पर उघडे पडले तर त्यात बसवलेला शिशाचा डाट वितळून वाफ आगीवर पडे; स्फोट टळे, पण गाडी जागीच खोळंबे आणि चौकशी लागे. पाण्यातील क्षारांचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसत असल्याने ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुवावा लागे आणि हे काम करणाऱ्या खलाशांची नावे प्रवाशांना कधीच कळत नसत.

स्थानकाचे कामही तितकेच दक्षतेचे. एकेरी मार्गावर ज्या ड्रायव्हरच्या हाती टोकन, म्हणजे त्या टप्प्याचा एकमेव परवाना असलेला गोळा, असे त्यालाच पुढे जाता येई. दोन स्थानकांतील विजेच्या यंत्रांची जोडणी अशी असे की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नसे. न थांबणाऱ्या गाडीला तो चामड्याच्या पिशवीत, मोठ्या कड्याला अडकवून, हातोहात द्यावा लागे. सांधेवाला रूळ बदले, सिग्नलच्या खांबावर चढून रॉकेलच्या दिव्यात तेल घाली, आणि सिग्नलचा हात पडला की शेतातली माणसे स्थानकाकडे धावू लागत. गँगमनची टोळी मुकादमाबरोबर रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासून सैल पाचरी ठोकत जाई. या सर्वांचे काम चोख झाले तरच दूधवाल्याचा हंडा सकाळी शहरात पोचे.

खेड्यांच्या दृष्टीने गाडीचे मोल विसाव्या शतकाच्या मध्यावर वाढले, कारण या परिसरात कारखाने आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला. त्यांच्या उद्योजकीय आयुष्याचा आरंभ लक्ष्मणराव फाटक यांच्यासह बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्याने झाला होता, ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासात मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. महायुद्धानंतर याच कारखान्यात रेल्वेचे सर्व-धातूचे डबे बांधले जाऊ लागले. १९४८ मध्ये कृष्णराजपुरमजवळ दूरध्वनीची उपकरणे बनवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली आणि तिच्याभोवती दूरवाणीनगर वसले. पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या अशा कामाने पॅसेंजर गाडीचा अर्थ बदलला. पूर्वी ती आठवड्याच्या बाजाराची आणि कोर्टाच्या तारखेची गाडी होती. आता ज्याचा पगार वेळेवर अवलंबून आहे अशा माणसाची झाली. गाडी उशिरा आली तर फलाटावरचा राग इंजिनावरच्या तिघांकडे, म्हणजे ड्रायव्हर आणि दोन फायरमन यांच्याकडे, वळे. वाफ का बसली, कोळसा कसा होता, समोरची मेल आधी सोडण्यासाठी पॅसेंजरला बाजूच्या रुळावर किती वेळ थोपवून धरले होते, हे फलाटावरच्या कोणालाच दिसत नसे.

इंजिनावरच्या माणसांच्या कामाच्या तासांना दीर्घकाळ मर्यादाच नव्हती म्हणावे अशी स्थिती होती. मार्गावर गाडी अडकली की अडकलेला वेळही कामाचाच आणि बदलीचा माणूस मिळेपर्यंत इंजिन सोडता येत नसे. ऑगस्ट १९७३ मध्ये ड्रायव्हर व फायरमन यांच्या संघटनेने देशभर संप केला आणि दहा तासांच्या कामाचे तत्त्व सरकारकडून मान्य करून घेतले. पुढच्या वर्षी, ८ ते २७ मे १९७४ या काळात, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झालेला रेल्वेसंप मोडून काढण्यात आला आणि हजारो कामगार नोकरीला मुकले. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी या कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय केला. दुसऱ्या वर्गातील लाकडी बाकांवर गाद्या बसवण्याचे श्रेय दंडवत्यांना सगळे देतात आणि ते योग्यच आहे. मात्र इंजिनावरच्या माणसाच्या घरी त्यांची आठवण निघण्याचे कारण कामगारांना परत घेण्याचा निर्णय असेल, असे मानण्यास जागा आहे.

वाफ टप्प्याटप्प्याने गेली. चित्तरंजन येथील कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली बाहेर पडले, मीटरगेजचे १९७२ मध्ये, आणि ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी फिरोजपूर–जालंधर गाडीबरोबर संपली. बंगळूरच्या पूर्वेकडे त्याआधीच डिझेल आले होते; कृष्णराजपुरमला डिझेल इंजिनांची मोठी शेड उभी राहिली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जोलारपेट्टई–बंगळूर मार्गाचे विद्युतीकरण झाले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या खाणी बंद पडल्यावर तेथील हजारो माणसे रोज पहाटे गाडीने बंगळूरला कामाला येऊ लागली, म्हणजे खाणीसाठी घातलेला फाटा खाण संपल्यानंतर अधिक गजबजला. २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली आणि तिचे शेवटचे स्थानक कडुगोडीच्या रेल्वे स्थानकाशेजारीच आहे.

वाफेची जुनी इंजिने आज संग्रहालयांत रंगवून ठेवली आहेत आणि त्यांची छायाचित्रे, क्रमांक, कारखान्यांची नावे जमवणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. त्यांच्या कामाबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की इंजिनाचा क्रमांक जपला गेला आणि त्यावरच्या दुसऱ्या फायरमनचे नाव गेले. इंजिनावर राबलेली ती माणसे या परिसरात आजही राहतात. कन्नड, तेलुगू, तमिळ, दख्खनी बोलणारी, कानांनी अधू, वयाने सत्तरीच्या पलीकडची. वाफेच्या इंजिनावर तिघे असत, डिझेलवर दोघे पुरले. जे प्रशिक्षणात टिकले ते डिझेल असिस्टंट झाले आणि पुढे ड्रायव्हर. भट्टीच्या धगीने ज्यांची नजर वैद्यकीय तपासणीत उतरली नाही, त्यांना इंजिनावरून उतरवून कोणाला भांडारात, कोणाला फाटकावर, कोणाला स्थानकाच्या पार्सल कचेरीत नेमण्यात आले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी तेथेच नोकरी केली.